प्रश्न कोणी ठरवायचा? गेल ऑम्वेट यांच्या कामाची पद्धत आणि आपला सीमाभाग

निपाणीची_शिक्षिका

गेल ऑम्वेट यांच्याविषयी आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी बोलले जाते. मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या, बर्कलीत शिकलेल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार करून १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतलेल्या अमेरिकन बाई, हे एक अंग. आणि १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून सत्यशोधकांना समाजशास्त्राच्या नकाशावर आणणाऱ्या विदुषी, हे दुसरे. दोन्ही योग्यच आहे. तथापि १९८० च्या दशकात पती भारत पाटणकर, सासूबाई इंदुताई पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाचे कार्यकर्ते यांच्याबरोबर दुष्काळ, पाणी आणि परित्यक्ता स्त्रिया या प्रश्नांवर त्या ज्या कामात सहभागी होत्या, त्याकडे संशोधनाची पद्धत म्हणून फारसे पाहिले जात नाही. मला या धाग्यात तेवढीच चर्चा हवी आहे.

कारण व्यावहारिक आहे. मी समाजकार्य हा विषय शिकवते. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांकडे प्रश्नावली घेऊन जातात, तासाभरात उत्तरे भरून आणतात, त्यांचे तक्ते होतात, प्रबंधिका बांधली जाते आणि गुण मिळतात. ज्यांच्या आयुष्यावर ती प्रबंधिका उभी राहते, त्यांच्या हाती त्यातले काय लागते, हा प्रश्न अभ्यासक्रमात कोठेही विचारलेला नाही.

या प्रश्नाला जगभर एक परंपरा आहे. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली अंजिकोस या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना काही आठवड्यांत लिहायला-वाचायला शिकवले ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन, आणि पुढच्याच वर्षी लष्करी राजवट येताच त्यांना तुरुंग व मग परागंदा होणे नशिबी आले. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७ साली कार्ताहेना येथे भरलेल्या परिषदेत सहभागी कृतिसंशोधनाची, म्हणजे ज्यांचा प्रश्न त्यांनीच शोधात भाग घेऊन बदलही घडवायचा या पद्धतीची, मांडणी झाली. आपल्याकडे राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये दिल्लीत ‘प्रिया’ ही संस्था याच विचाराने सुरू केली. ऑम्वेट यांचे काम या परंपरेत बसते का, आणि बसत असेल तर निपाणी-चिकोडी-खानापूर पट्ट्यात त्यातून काय घेता येईल, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

येरळाकाठचा

मॅडम, माझे मूळ गाव विट्याच्या बाजूचे आहे आणि नोकरीमुळे मी बेळगावात असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुढे ज्या खानापूर तालुक्याचा उल्लेख येईल, तो सांगली जिल्ह्यातला दुष्काळी तालुका आहे; मलप्रभेच्या उगमाकडचे आपले जंगलपट्ट्यातले खानापूर नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांचा गोंधळ होतो.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या तालुक्यातले कितीतरी कामगार गावी परतले. गावात रोजगार हमीवर खडी फोडण्याखेरीज काम नव्हते. युनियनच्या सभांमध्ये तयार झालेल्या या मंडळींनी कामाची मागणी तर केलीच, परंतु त्याच्या पुढचा प्रश्नही विचारला: पिढ्यान्‌पिढ्या खडीच फोडायची असेल, तर दुष्काळ हटणार कधी? मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली ती या प्रश्नावर. पाऊस किती पडतो, पूर्वी कोणती पिके होत, ती का गेली, नदीचे पाणी कोठे जाते, याची माहिती लोकांनी गावात बसून जमवायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण हा त्यातला एक मुख्य आधार होता.

त्या माहितीतून येरळा नदीतल्या वाळूचा मुद्दा पुढे आला. ठेकेदार वाळू उपसून नेत होते, आणि वाळू गेली की नदीची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते, हे काठच्या शेतकऱ्यांना विहिरींवरून कळत होते. त्यांची मागणी अशी की वाळूवर गावाचा हक्क असावा, गावाने ती मर्यादेत विकावी आणि त्या पैशातून बंधारा बांधावा. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी उभारलेले बळिराजा स्मृती धरण या मागणीतून झाले. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांचे ज्ञान त्यात होते, परंतु ते ज्ञान लोकांच्या प्रश्नाच्या मागून आले, पुढून नव्हे. पाणीवाटपाचे तत्त्व तर त्याहून महत्त्वाचे आहे: पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता प्रत्येक कुटुंबाला द्यायचा आणि भूमिहीनांनाही त्यातून वगळायचे नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायतीतून हाच विचार रुजवला होता.

ऑम्वेट यांचे स्थान यात नेमके कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. प्रश्न त्यांनी ठरवला नव्हता. त्या चळवळीच्या सभासद होत्या, मोर्चात चालत होत्या आणि जे घडत होते त्याचे विश्लेषण इंग्रजीत लिहून ते देशभरच्या अभ्यासकांपुढे ठेवत होत्या. माझ्या मते त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि ज्या कोणाला ती पद्धत उचलायची असेल त्याने आधी स्वतःच्या हातातली प्रश्नावली खाली ठेवायची तयारी केली पाहिजे.

संशयात्मा_टिळकवाडी

चर्चा चांगली आहे, पण मला दोन हरकती नोंदवायच्या आहेत आणि दोन्ही गंभीरपणे घ्याव्यात.

पहिली हरकत अशी की ऑम्वेट या मुळात इतिहासाच्या आणि जाती-वर्ग संबंधांच्या अभ्यासक होत्या. त्यांचा सर्वांत टिकाऊ ग्रंथ त्यांनी जुनी कागदपत्रे, वृत्तपत्रे आणि मुलाखती यांच्या बळावर, एकटीने बसून लिहिला आहे. त्यांना मरणोत्तर सहभागी संशोधनाच्या प्रवर्तक ठरवणे म्हणजे आजच्या चालीचा अंगरखा जुन्या माणसाला चढवणे होय. सहभाग हा शब्द आता इतका स्वस्त झाला आहे की ग्रामसभेत सह्या घेतल्या तरी सहभाग झाला असे अहवालात लिहिले जाते. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ सालीच नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडून तळाच्या पायऱ्यांना सहभाग म्हणूच नये असे बजावले होते, ते आपल्या पंचायतींच्या भिंतींवर रंगवून ठेवायला हवे.

दुसरी हरकत अधिक महत्त्वाची आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर एक मोठी चाचणी झाली. १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या मिळाल्या, त्या गावातल्या एएनएम सिस्टरांनी, म्हणजे आरोग्यसेविकांनी, दिल्या, आणि रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांपर्यंत खाली आल्याचे २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी आहे. हे सत्य कोणत्याही गावबैठकीतून, कितीही नकाशे रांगोळीने काढले तरी, हाती आले नसते. तेव्हा बाहेरून आलेला प्रश्न म्हणजे अन्यायच, असे समीकरण मांडू नये.

खानापूर_आरोग्य

मी आपल्या खानापूर तालुक्यात आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून वरच्या दुसऱ्या हरकतीवर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मानते. सरांनी दिलेली माहिती बरोबर आहे आणि त्या चाचणीचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. आमच्याकडे पावसाळ्यात रस्ते तुटतात तेव्हा घरीच किंवा वाटेत बाळंत होणाऱ्या बाईसाठी साध्या गोळीचे मोल काय, हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

परंतु कठोर चाचणी आणि लोकांचा सहभाग ही दोन परस्परविरोधी टोके आहेत, हे मात्र मान्य करता येत नाही. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने आदिवासी गावांत बायकांचे गट बांधले. दर महिन्याला बैठक, चित्रांचे पत्ते, गोष्टी, आणि आपल्या गावात बाळे का दगावतात याचा शोध बायकांनीच घ्यायचा, उपाय त्यांनीच ठरवायचे, असे ते काम होते. गावांचे समूह चिठ्ठ्या टाकून निवडले होते, म्हणजे तुलना शास्त्रीय होती, आणि तीन वर्षांत नवजात बालकांचा मृत्युदर इतर समूहांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळला. तेही २०१० च्या ‘लॅन्सेट’मध्येच आले आहे. येथे सहभाग हाच उपचार होता. म्हणून विचारायचे ते असे, की कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत लागते आणि त्या निवडीत ज्यांचे शरीर पणाला लागते त्यांचे मत किती धरले जाते.

आमच्या भागापुरती एक अडचण नोंदवते, कारण ती बाहेरच्या पुस्तकांत नसते. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या घरांत मराठी किंवा कोकणी बोलतात, नोंदवही कन्नडमध्ये असते, आरोग्यसेविका कधी हुबळीकडून तर कधी विजापूरकडून बदलून आलेली असते, आणि संशोधकाचे संमतिपत्र इंग्रजीवरून भाषांतर केलेले असते. अंगठा उठतो. त्या अंगठ्याला संमती म्हणायचे की नाही, हे ठरवणारी समिती मात्र शहरात बसते. नंतर निष्कर्ष काय निघाला हे सांगायला कोणी परत आले, असे मी फारच क्वचित पाहिले आहे.

चिकोडीचा_मास्तर

संशयात्मा सरांची पहिली हरकत मला अर्धी पटते. ऑम्वेट यांनी स्वतःला असे कोणतेही लेबल लावून घेतले नव्हते. परंतु त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळात ज्ञानावरच्या मक्तेदारीचा होता, आणि फुल्यांचा अभ्यास करून नंतर कासेगावात राहायला येणे हा योगायोग मानता येत नाही. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले त्यात शिक्षण म्हणजे कुणब्याला फसवणूक ओळखू येणे असा अर्थ आहे. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या समाजाविषयी लिहायचे त्या समाजातल्या मुलीने, स्वतःच्या अनुभवाला पुरावा मानून, धर्माला आणि राज्याला जाब विचारावा, याहून जुने उदाहरण मला मराठीत माहीत नाही. कार्ताहेनाच्या परिषदेला तेव्हा सव्वाशे वर्षे अवकाश होता.

सामाजिक न्यायाच्या शिक्षणाचा धागा येथून सुरू होतो आणि पुढे पुणे विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्यापर्यंत येतो. २०१३ साली त्यांचे अकाली निधन झाले, पण वर्गात कोण बोलते, कोण गप्प बसते, कोणाची भाषा शुद्ध ठरते आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलाला सिद्धान्त कळत नाही असे शिक्षकाने का गृहीत धरावे, हे प्रश्न त्यांनी अभ्यासक्रमाच्या मधोमध आणून ठेवले. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजशास्त्रांवर केलेली टीकाही येथे आठवावी लागते: सिद्धान्त काही जणांनी मांडायचा आणि इतरांनी केवळ अनुभव व आकडे पुरवायचे, ही विभागणी जातिव्यवस्थेचीच नक्कल आहे. निपाणीच्या वखारीतली बाई माहिती पुरवते आणि बेळगावचा विद्यार्थी विश्लेषण करतो, ही मॅडमनी सांगितलेली रीत त्याच विभागणीत बसते, विद्यार्थी कितीही सज्जन असला तरी.

निपाणीचा संदर्भ आहे म्हणून सांगतो. १९२५ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद तेथे भरली होती, आणि १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. उत्पादकांच्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले. वखारीत तो तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या बाजूने लिहिलेले मला फारच थोडे सापडते, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले तर जवळजवळ नाहीच.

घटप्रभेपलीकडची

माझी मातृभाषा कन्नड आहे, शिक्षण काही वर्षे कोल्हापूरला झाले, म्हणून येथे मराठीत लिहिते. चुका असतील तर सांभाळून घ्यावे.

वरची सगळी चर्चा मराठी भाषकांच्या बाजूने चालली आहे, ते स्वाभाविक आहे, पण वखारीत शेजारी बसून काम करणाऱ्या बायका सगळ्या एका भाषेच्या नसतात. सौंदत्तीच्या यल्लम्मेला दोन्ही राज्यांतून माणसे येतात आणि देवदासी प्रथेचा प्रश्नही दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला आहे. कर्नाटकाने १९८२ मध्ये प्रतिबंधक कायदा केला. १९९३-९४ आणि २००७-०८ अशी दोन सरकारी सर्वेक्षणे झाली, त्यांत मिळून ४६,६६० स्त्रियांची नोंद झाली. आता गंमत पाहा, ज्यांचे नाव यादीत आले त्यांना पेन्शन आणि घर मागता येते. ज्यांचे आले नाही, कारण त्या दिवशी त्या पुण्या-मुंबईला होत्या किंवा घरच्यांनी नाव सांगू दिले नाही, त्यांनी पुढची अनेक वर्षे आपण अस्तित्वात आहोत हे सिद्ध करत फिरायचे. सर्वेक्षणाची रचना करताना या बायकांना सोबत घेतले असते, तर घरी कधी भेटतो आणि कोणासमोर बोलू शकत नाही, हे त्यांनी पहिल्या बैठकीतच सांगितले असते.

दुसरे असे की आमच्यावर संशोधन म्हटले की दुःखाची कहाणी हवी असते. अलास्काच्या मूळ रहिवासी समाजातून आलेल्या ईव्ह टक या विदुषीने २००९ साली एका खुल्या पत्रात वंचित समाजांना असे सुचवले की केवळ आपली मोडतोड दाखवणारे संशोधन काही काळ थांबवावे, कारण अशा नोंदींतून न्याय मिळतोच असे नाही, उलट आपली ओळख तेवढीच उरते. सांगलीत १९९६ पासून काम करणारी, वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची स्वतःची संघटना असलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद याच भूमिकेच्या जवळ उभी आहे. आमच्याविषयी बोलायचे तर आमच्याशी बोला, असा तिचा आग्रह राहिला आहे.

सीमाभागात आणखी एक भीती असते, ती कोणी उघड बोलत नाही. कोणीही वही घेऊन दारात आले की हा भाषेची मोजणी करतो आहे की काय, ही माहिती कोणत्या राज्याच्या उपयोगाला जाणार, अशी शंका दोन्ही भाषांच्या घरांत येते. २००४ पासून सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, तोवर ही शंका जाणार नाही. संशोधकाने ती ओळखून आधीच बोलून टाकली तर पुढचे काम थोडे सोपे होते.

निपाणीची_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः घटप्रभेपलीकडच्या ताईंचा मुद्दा माझ्या योजनेत नव्हता; आता येईल.

येत्या सत्रासाठी मी जे ठरवते आहे ते मांडते, त्यावर टीका करावी. पहिला महिनाभर प्रश्नावली नाहीच. विद्यार्थ्यांनी दोन-दोनच्या जोड्यांत, एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा अशा, बायकांच्या सोयीच्या वेळी त्यांच्या गल्लीत बसायचे. वखारीत नाही, कारण तेथे मालक आणि दिवाणजी यांच्यासमोर मजुरीविषयी बोलणे म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या कामावर पाणी सोडणे. अभ्यासाचा विषय त्या गटाने ठरवायचा. मला वाटते की तंबाखूच्या धुळीचा खोकला हा विषय निघेल, पण कदाचित त्यांना विडी कामगाराचे ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब महत्त्वाचा वाटेल, किंवा मुलींच्या शाळेचा. जो निघेल तो. त्यानंतर काय मोजायचे आणि कसे, याची आखणी विद्यार्थी व बायका मिळून करतील, आणि नोंदी ठेवणाऱ्या बायकांना त्या वेळेची मजुरी मिळावी यासाठी मी महाविद्यालयाकडे लेखी मागणी करणार आहे.

करार दोन्ही भाषांत, एका पानाचा आणि मोठ्याने वाचून दाखवलेला असेल. नावे कोठेही छापायची नाहीत. माहितीची एक प्रत गटाकडे राहील, आणि विद्यापीठाला अहवाल जाण्यापूर्वी तो गटासमोर वाचला जाईल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची जाहीर सुनावणी, घेतली, तेव्हा हजेरीपटावरची नावे आणि रकमा गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि तेवढ्याने खोटे कागद उघडे पडले. वाचून दाखवण्याची ताकद मी तेथून शिकले. मात्र जाहीर वाचन करायचे की बंद खोलीत, हे बायकाच ठरवतील, कारण परिणाम त्यांना भोगायचे आहेत.

संशयात्मा_टिळकवाडी

मॅडम, योजना प्रामाणिक आहे, त्यामुळे आता माझा विरोध तपशिलापुरता उरतो. गटात सर्वांत मोठ्याने बोलणारी बाई ठरवेल तोच गटाचा विषय ठरण्याचा धोका आहे. सहभागाच्या नावाखाली गावातली जुनी उतरंडच पुन्हा बोलू लागते, ही टीका या पद्धतीवर तिच्याच अभ्यासकांनी केलेली आहे. जातीनुसार, भाषेनुसार आणि वखारीतल्या कामाच्या प्रकारानुसार लहान गट वेगवेगळे बसवावेत आणि मगच एकत्र बैठक घ्यावी, असे सुचवतो.

आणि परीक्षेचे काय? सोळा आठवड्यांच्या सत्रात विषय ठरायलाच सहा आठवडे गेले तर परीक्षकाला तक्ते कोठून दाखवणार?

येरळाकाठचा

बळिराजा धरणाला अनेक वर्षे लागली, तेव्हा एका सत्रात सगळे होईल ही अपेक्षा ठेवू नये. पहिल्या तुकडीने विषय आणि करार इथवर काम आणावे, दुसऱ्या तुकडीने मोजणी करावी, आणि पहिल्या तुकडीला त्या प्रक्रियेच्या नोंदीवर गुण द्यावेत. गटातल्या बायका त्याच राहतील, विद्यार्थी बदलतील.

निपाणीची_शिक्षिका

लहान गटांची सूचना स्वीकारली. दोन तुकड्यांत काम विभागण्याचा प्रस्ताव अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवते. गुणांच्या वाटपात गटातल्या बायकांचे मत कोणत्या स्वरूपात घेता येईल, यावर कोणाकडे चालू असलेल्या अभ्यासक्रमाचा नमुना असेल तर येथे द्यावा. मंडळात पहिला आक्षेप त्यावरच येणार आहे.